‘प्रार्थना, शुरू कर’ : झेडपी शाळेतली ती दहा मिनिटं

नमस्कार बाई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. दापोली तालुक्यात खाडीकडेची दोन शिक्षकी झेडपी शाळा, पट एकवीस. त्यात चार मुलं बौद्धवाडीतली, तीन मोहल्ल्यातली (तिकडची उर्दू शाळा पटाअभावी बंद झाली म्हणून इकडे आली), बाकी कुणबीवाडी आणि वरच्या आळीतली. परिपाठाला सरस्वतीच्या फोटोला हार-उदबत्ती करून ‘या कुन्देन्दु’ म्हणतात, हात जोडून, डोळे मिटून. आता चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी, जे मुंबई सोडून गावी परत आलेत, लेखी अर्ज दिलाय की आम्ही बौद्ध आहोत, आमच्या मुलीला मूर्ती-फोटोपुढे हात जोडायला लावू नका. शाळा व्यवस्थापन कमिटीचे अध्यक्ष म्हणतात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, एका पोरीसाठी बदलायचं नाही, पटत नसेल तर तिला दहा मिनिटं बाहेर थांबू दे. आणि तुम्ही विचारताय की कायदा काय सांगतो आणि उद्या सकाळी मी नेमकं काय करू.

मी चौतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली, शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून, त्यामुळे ही भानगड मी चारपाच वेळा तरी जवळून बघितलीय आणि एकदा स्वतः निस्तरायच्या ऐवजी वाढवून ठेवलीय. ती आधी सांगतो, कायदा नंतर, कारण कायदा सोपा आहे.

१९९४ ची गोष्ट, राजापूर तालुका. वनखात्यातले एक गृहस्थ बदली होऊन आले, ख्रिश्चन कुटुंब, मुलगा तिसरीत. वडील पहिल्याच दिवशी येऊन फार नम्रपणे म्हणाले, गुरुजी, तो श्लोक सोडून बाकी सगळं करेल. मी म्हटलं काहीच हरकत नाही, प्रार्थना होईपर्यंत पडवीत बसू दे. मला वाटलं मी केवढा उदार मनाचा मास्तर! घरी येऊन बायकोलाही सांगितलं. आठ दिवसांनी तो मुलगा उशिरा यायला लागला, रोज दहा-बारा मिनिटं. मी हजेरीवर लाल शाईने ‘उशिरा’ लिहायचो, दोन वेळा छडीही दिली, त्या काळी देत होतो, लपवत नाही. पावसात भिजून यायचा, दप्तर पोटाशी धरून. जुलैत एक दिवस माझीच यष्टी चुकली म्हणून मी पायवाटेने उशिरा चाललो होतो, तर शाळेच्या खालच्या बाजूला वहाळावर साकव (लहानसा पूल) आहे तिथे हे पोर इरलं घेऊन बसलेलं, वरून प्रार्थनेचा आवाज येत होता तो ऐकत. प्रार्थना संपून ‘एक साथ विश्राम’ ऐकू आलं की उठायचं आणि वर यायचं, असा त्याचा हिशोब. पडवीत बसलं की सगळी पोरं डोळे मिटल्यासारखं करून त्याच्याकडे बघायची, नंतर सुट्टीत ‘तू देवाला घाबरतोस काय रे’ विचारायची, त्यापेक्षा साकवावर भिजणं आणि माझी छडी त्याला परवडत होती.

म्हणून अध्यक्षांचा ‘बाहेर थांबू दे’ हा तोडगा मला बिलकूल मान्य नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही, माझाही नव्हता. पण आठ-नऊ वर्षांच्या पोराला सवलत म्हणजे शिक्षाच वाटते, आणि ती रोज सकाळी, सगळ्या गावाच्या पोरांसमोर. आणि इथे तर बौद्धवाडीतली मुलगी आहे. ह्या जिल्ह्यात त्या वाडीतल्या मुलांना शाळेत बाहेर बसवण्याचा इतिहास किती जुना आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, तिच्या पणज्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं पडवी म्हणजे काय. त्याच पडवीत आपण तिला ‘तुझ्या हक्कासाठी’ म्हणून उभी करणार, हे कसं दिसतं बघा. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, तेव्हा उद्या कोणी तक्रार केली तर अध्यक्ष नाही, मुख्याध्यापक म्हणून तुम्ही अडकाल.

आता कायदा. राज्यघटनेचं कलम २८. त्याचे तुमच्या कामाचे भाग दोन. पहिला, पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, झेडपीची शाळा ह्यात येते. दुसरा म्हणजे पोटकलम ३, सरकारमान्य किंवा अनुदानित कुठल्याही शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षण घ्यायची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येणार नाही, त्याने स्वतः संमती दिल्याशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाने दिल्याशिवाय. म्हणजे गाडी उलटी आहे लक्षात घ्या, पालकाने ‘नको’ म्हणून अर्ज करायचा नसतो, शाळेनेच आधी ‘हो’ घ्यायला हवं. आपण चौतीस वर्षांत कोणाकडून असं ‘हो’ घेतलं? मी तरी नाही.

आता तुमच्या गावातला कोणी वकील नातेवाईक म्हणेल की पहिल्या भागात ‘धार्मिक शिक्षण’ म्हटलंय, प्रार्थना म्हणजे शिक्षण थोडीच. मुद्दा अगदी फालतू नाही. केंद्रीय विद्यालयांच्या प्रार्थनेवरून नेमकी हीच केस सुप्रीम कोर्टात गेली. तिथे सकाळी ‘असतो मा सद्गमय’ होतं, मुलांनी हात जोडून डोळे मिटायचे, त्यावर मध्य प्रदेशातल्या एका वकिलाने याचिका केली. २०१९ च्या जानेवारीत दोन न्यायाधीशांच्या बेंचने हा विषय घटनापीठासारख्या मोठ्या पीठापुढे जायला हवा असं म्हटलं. सुनावणीत सरकारच्या बाजूने मजेशीर युक्तिवाद झाला की सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्या बोधचिन्हावरचं ‘यतो धर्मस्ततो जयः’ महाभारतातून आलंय, मग ते धार्मिक म्हणायचं का. तर संस्कृत आहे म्हणजे धार्मिक असं नाही, आणि ग्रंथातून आलं म्हणजे बाद असंही नाही. पण बाई, भिंतीवरचं बोधवाक्य आणि हात जोडून म्हणायची वंदना ह्यात फरक आहे हे कळायला सुप्रीम कोर्ट कशाला लागतं, आपल्या पहिलीच्या पोराला विचारा. बोधवाक्यापुढे कोणी उदबत्ती लावत नाही.

तुम्ही स्वतःबद्दल विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतला शिक्षक प्रार्थनेला हात जोडत नव्हता, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली, ते प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये निकाल शिक्षकाच्या बाजूने लागला, प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येत नाही. तुमचा तो दुसरा शिक्षक, जो तुम्ही लिहिलंय की ‘परिपाठाला मागे उभा राहतो आणि काही बोलत नाही’, त्याला हे माहीत असेल किंवा नसेल, पण तुम्हाला माहीत असू दे.

आणि सगळ्यात जुनी, माझी आवडती केस केरळची. १९८५ ला तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत, त्यांच्या पंथात देवाशिवाय कोणाचं स्तवन चालत नाही म्हणून. ११ ऑगस्ट १९८६ ला न्या. चिन्नप्पा रेड्डींनी निकाल दिला, मुलं आदराने उभी राहतात तेवढं पुरे, परत घ्या. त्या निकालाच्या शेवटी असं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, आपली घटना ती आचरणात आणते, तिला पातळ करू नका. आता विचार करा, राष्ट्रगीताची सक्ती जिथे होऊ शकली नाही तिथे ‘या कुन्देन्दु’ची काय बिशाद.

व्हॉट्सॲपवर मात्र तुम्हाला लगेच येईल की बघा, अमेरिकेत शाळेतून देव हाकलला आणि पोरं बिघडली. ते अर्धवट आहे म्हणून खरं काय ते लिहितो, कारण तिकडची केस आपल्याला फार उपयोगी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने एक प्रार्थना स्वतः लिहून शाळांना दिली, इंग्रजीत फक्त बावीस शब्द, कुठल्याही धर्माचं नाव नाही, नुसतं सर्वशक्तिमान देवा आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर. सक्तीही नव्हती, ज्याला नको त्याने गप्प बसावं किंवा बाहेर जावं. अगदी तुमच्या अध्यक्षांचा तोडगा! तरी १९६२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध १ मतांनी ती रद्द केली, म्हणाले सरकारने प्रार्थना लिहायचं कामच नाही. पुढच्या वर्षी शाळेतलं रोजचं बायबल वाचनही बंद झालं. पण पोराने स्वतः डबा उघडताना मनात देवाचं नाव घ्यायला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही. बंदी होती ती शाळेने ती म्हणवून घेण्यावर. इंग्लंडने बरोबर उलटी वाट धरली, १९४४ च्या कायद्यापासून शाळेत रोज सामूहिक उपासना सक्तीची, आणि पालकाला मूल त्यातून काढून घ्यायचा हक्क. म्हणजे पडवी त्यांच्याकडे कायद्यातच आहे. मला अमेरिकेचा ६२ चा निकाल जास्त पटतो, आणि कारण कोर्टाचं नाही, साकवाचं आहे.

तिकडे अलीकडे वारं फिरलंय हेही सांगतो, नाहीतर कोणीतरी मला पकडेल. २०२२ मध्ये एका सरकारी शाळेचा फुटबॉल कोच मॅच संपल्यावर मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायचा, नोकरीवरून वाद झाला, कोर्टाने ६ विरुद्ध ३ त्याच्या बाजूने निकाल दिला, ती त्याची वैयक्तिक प्रार्थना आहे म्हणून. विरोधातल्या न्यायाधीशांचं म्हणणं, कोच गुडघे टेकतोय म्हटल्यावर खेळाडू पोरं काय करतील? मला विचाराल तर त्या तिघांनी कधीतरी शाळेत शिकवलं असावं. गुरुजींनी हात जोडले की एकवीस जोड्या हात आपोआप जुळतात, कोणाला सांगावं लागत नाही.

हे तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मला स्वतःला सरस्वती वंदना मनापासून आवडते, आईने शिकवलेली, मग माझ्या श्रद्धेचं काय?’ बाई, ती तुमचीच आहे, कोणी काढून घेत नाही. यष्टीत बसल्यावर म्हणा, शाळेचं कुलूप काढताना म्हणा, मीही तेच करायचो, आजही करतो. पण परिपाठाच्या त्या दहा मिनिटांत ‘प्रार्थना, शुरू कर’ ही ऑर्डर तुम्ही देता ना, ती तुम्ही आईची मुलगी म्हणून देत नाही, सरकार म्हणून देता. गावातल्या त्या पोरांच्या दृष्टीने सरकार म्हणजे ना मंत्रालय ना कलेक्टर, तुम्ही.

ह्या विषयात आपल्या भागातल्या दोन माणसांना आठवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, आणि लहानपणाची काही वर्षं दापोलीत गेली. कलम २८ ची चर्चा घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात झाली तेव्हा त्यांनी मांडलेलं कारण साधं होतं, सगळ्यांच्या कराचा पैसा आणि एका धर्माची शिकवण, हे जमत नाही, आणि इतके धर्म असलेल्या देशात सरकारी शाळेने कोणाकोणाचं शिकवायचं. त्याच वेळी त्यांनी धर्माची शिकवण आणि धर्माचा अभ्यास ह्यात फरक केला. हे विसरू नका. इतिहासाच्या तासाला बुद्ध, महावीर, पैगंबर, ज्ञानेश्वर सगळे शिकवायचेच आहेत, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अभ्यासक्रमाच्या केसमध्ये धर्मांची ओळख करून देण्याला हरकत घेतली नाही. दुसरे म्हणजे आपले साने गुरुजी, पालगडचे, तुमच्याच तालुक्यातले. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसलेला माणूस. त्यांची ‘खरा तो एकचि धर्म’ आपल्या निम्म्या महाराष्ट्राने शाळेत म्हटलीय, आणि तुम्हाला दहा जण सांगतील की बाई सोप्पं आहे, वंदना काढा आणि ही घाला, कोणाला आक्षेप असणार.

मीही तेच केलं होतं, संगमेश्वरात असताना. आणि तिथे मला धडा मिळाला. पालक सभेनंतर बौद्धवाडीतले एक वयस्कर गृहस्थ थांबले आणि फार शांतपणे म्हणाले, “गुरजी, ह्यातले ते हीन आनि पतित म्हंजे कोन? आमीच ना? आनि उठवायला येनारे कोन?” मी गप्प. इतकी वर्षं म्हणत होतो, कधी त्या बाजूला उभं राहून ऐकलंच नव्हतं. साने गुरुजींच्या मनात दया होती ह्यात मला तिळमात्र शंका नाही, पण जो रोज तो शब्द ऐकत वाढलाय त्याला दया नको असते, शेजारची जागा हवी असते. आणि त्यात पुढे ‘प्रभूची लेकरे’ आहे, देव न मानणाऱ्याने काय करायचं. तरी ती मी बदलली नाही, कारण तेच म्हणाले, “चालू ऱ्हाऊ दे, सरस्वतीपरीस बरी हाय, पन तुमाला कळलं पायजे म्हनून सांगितलं.” तेव्हापासून मी कुठल्याही गाण्याला ‘सर्वमान्य’ म्हणत नाही. पसायदानाला देखील नाही, माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं असलं तरी. त्यात विश्वात्मक देव आहे, खळांची व्यंकटी सांडो म्हणजे दुष्टांचं वाकडेपण जावो, दुष्ट जावोत असं नाही, इतकं मोठं मागणं जगात फार ठिकाणी सापडत नाही. पण ते ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे, हे मोहल्ल्यातल्या आईने म्हटलं तर मी तिला खोटं ठरवू शकत नाही.

मोहल्ल्यावरून आठवलं. केंद्रप्रमुख असताना माझ्याकडे दोन उर्दू शाळा होत्या, झेडपीच्याच. तिथे सकाळी इकबालची ‘लब पे आती है दुआ’ म्हणायचे, मुलांसाठी लिहिलेली १९०२ ची कविता, माझं जीवन दिव्यासारखं होवो, गरिबांना मदत करणं माझं काम असो, अशी. शेवटी अल्लाचं नाव येतं. एका गावच्या उपसरपंचांनी माझ्याकडे तक्रार केली, सरकारी शाळेत हे कसं चालतं म्हणून. मी त्यांना म्हटलं, बरोबर आहे तुमचं, चला आधी तुमच्या वाडीतल्या मराठी शाळेत जाऊ, तिथे उदबत्ती लागलीय ती विझवू, मग इकडे येऊ. ते चिडले, पण परत आले नाहीत. उत्तर प्रदेशात ह्याच कवितेवरून २०१९ मध्ये पिलीभीत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या हेडमास्तरला सस्पेंड केलं होतं. तात्पर्य एवढंच, जी फूटपट्टी तिकडे लावायची तीच इकडे. आणि ती उलटीही लावा, मालवण-वेंगुर्ला-सावंतवाडीकडे मिशनऱ्यांच्या शाळेत आपली हिंदू पोरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिश्चन प्रार्थना म्हणत आलीत आणि आपण फी भरून, रांगेत उभं राहून ॲडमिशन घेतो. ती अल्पसंख्याकांनी चालवलेली शाळा, तिला स्वतःच्या रीतीने चालायचा हक्क आहे, पण कलम २८ चं पोटकलम ३ तिथेही लागू आहे, पालकाची संमती हवीच.

बरं, आता उद्या सकाळचं.

अर्ज परत करू नका, तोंडी समजूत घालून मागेही घ्यायला लावू नका. आवक नंबर टाका, पोच द्या. मुलीला वर्गात काही विचारू नका, ‘तुला खरंच नको का बाळा’ हा प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी तो प्रश्न नसतो. वडिलांना घरी जाऊन भेटा, शाळेत बोलावू नका, बौद्धवाडीत तुम्ही स्वतः चालत गेलात ह्याचा अर्ज-बिर्जापेक्षा जास्त उपयोग होईल. चहा घ्या. नुसती विचारपूस करा, आश्वासन देऊ नका.

उद्यापासून एकच गोष्ट बदला, आणि त्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही. ‘हात जोड, डोळे मिट’ ही ऑर्डर बंद. ‘एक साथ सावधान’ द्या, सगळे शांत उभे. ज्याला जोडायचे तो जोडेल, ज्याला नाही तो नाही. केरळच्या निकालाचा अर्क हाच आहे, आदराने उभं राहणं पुरे. तुम्हीही हात जोडू नका, बाजूला खाली ठेवा. पहिले तीन दिवस पोरं तुमच्याकडे बघतील, चौथ्या दिवशी विसरतील, पोरं मोठ्यांपेक्षा लवकर विसरतात. हा कायमचा तोडगा नाही, मीटिंग होईपर्यंतचा आहे.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा. इथे बहुतेक शाळा घोळ घालतात. पहिलं म्हणजे जागा. तुमच्याकडे सभा देवळाच्या सभामंडपात होत असतील तर ही शाळेतच घ्या, पावसाळ्यात वर्गात दाटीवाटीने बसा पण शाळेतच. देवळाच्या पायरीवर बसून देवाच्या फोटोचा विषय काढलात तर बौद्धवाडीतलं कोणी येणार नाही आणि मग वर म्हणायला मोकळे, बोलावलं होतं, आले नाहीत. कायद्याप्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या बायका आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा असायला हवी, तुमची यादी कागदावर तशी असेलच, प्रत्यक्षात सह्या घरी जाऊन घेतल्या जातात हे मला माहीत आहे. ह्या वेळेला बायकांना बोलवाच. माझा अनुभव, असल्या विषयात पुरुष मंडळी गावाच्या इभ्रतीवर बोलतात आणि बायका पोरीवर.

दुसरं म्हणजे मतदान घेऊ नका. कोणी म्हणेल लोकशाही आहे, हात वर करा, सतरा विरुद्ध चार. सक्ती करायची की नाही हा सभेपुढचा विषयच नाही, तो घटनेने संपवलाय, हे सभेच्या सुरुवातीलाच वाचून दाखवा, कलम २८ चा मराठी कागद काढून ठेवा. सभेपुढे विषय एवढाच, परिपाठात काय ठेवायचं. आणि तिथे तुमच्याकडे भरपूर सामान आहे. राष्ट्रगीत आहे, २०२३ पासून राज्यगीत आहे, प्रतिज्ञा आहे (मुळात तेलुगूत लिहिलेली, १९६२ ची, भारत माझा देश आहे म्हणताना हे कोणाला ठाऊक नसतं), २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून घटनेच्या उद्देशिकेचं वाचन आहे, शिवाय दिनविशेष, बातम्या, सुविचार, पाढे. हे सगळं नीट केलं तर प्रार्थनेला किती वेळ उरतो हो? खरं सांगू, मी शेवटच्या चार-पाच वर्षांत माझ्या केंद्रातल्या शाळांना हेच सुचवायचो की देवाचं नाव नसलेलं एक समूहगीत घ्या, झाडाचं, पावसाचं, समुद्राचं, आणि नंतर एक मिनिट शांत उभं राहा. त्या मिनिटात ज्याला सरस्वती आठवायची त्याने आठवावी, ज्याला बुद्ध त्याने बुद्ध, ज्याला डब्यातली भाकरी त्याने भाकरी. पण ते मिनिट खरंच मोकळं ठेवा, ‘आता सगळ्यांनी देवाचं स्मरण करा’ असं म्हणून सुरू केलंत तर तुम्ही वंदना मागच्या दाराने आत आणलीत. अमेरिकेत अलाबामा राज्याने असंच केलं होतं, मौनाच्या कायद्यात प्रार्थना घुसडली, १९८५ ला कोर्टाने ओळखलं आणि रद्द केलं.

फोटोचं काय हाही प्रश्न येणार. २०२२ मध्ये छगन भुजबळांनी शाळेत सरस्वतीऐवजी फुले, सावित्रीबाई, आंबेडकर ह्यांचे फोटो हवेत असं म्हटल्यावर केवढं रान उठलं होतं ते तुम्ही बघितलंय. माझं मत विचाराल तर फोटो आणि पूजा हे दोन वेगळे विषय करा. पूजा, म्हणजे हार, उदबत्ती, हळदकुंकू, नारळ, शिक्षकाने शाळेच्या वेळेत करायची नाही. हे ठाम. फोटोला मात्र घाईने हात लावू नका, रात्रीत तर मुळीच उतरवू नका, सकाळी भिंतीवरचा पांढरा चौकोन बघून गाव पेटेल आणि त्याचा त्रास तुम्हाला नाही, त्या मुलीच्या घराला होईल. सावित्रीबाईंचा फोटो नसेल तर लावा, ३ जानेवारीची वाट बघू नका. आणि दसऱ्याला पोरं पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढतात त्याला मनाई-बिनाई करू नका, पण कोणी त्या जागी होडी काढली की कौतुक तेवढंच करा. माझ्या एका शाळेत मोहल्ल्यातल्या मुलाने पाटीवर एकाचे आकडे जुळवून गलबत काढलं होतं, शिडासकट, अजून डोळ्यापुढे आहे.

अध्यक्षांना सभेआधी एकटे भेटा. ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका. त्यांना विचारा, तुमचा नातू मुंबईत कुठल्या शाळेत आहे? नव्वद टक्के उत्तर कॉन्व्हेंट असंच येईल. तिथे तो सकाळी काय म्हणतो हे विचारून गप्प बसा, पुढचं ते स्वतःच बोलतील.

सभा शक्यतो भातलावणी आटपल्यावर ठेवा, आणि गणपतीच्या आधी, चाकरमानी यायच्या आत, नाहीतर मुंबईहून आलेला प्रत्येक जण वर्षातून चार दिवसांत गावाची परंपरा वाचवायला बसेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांना सभेची नोटीस आणि अर्जाची प्रत आधीच पाठवून ठेवा, मार्गदर्शन मागू नका, मागितलंत तर सहा महिने उत्तर येणार नाही आणि तोपर्यंत तुमचे हात बांधलेले. फक्त ‘माहितीसाठी सविनय सादर’.

आणि तोवर त्या मुलीची हजेरी बघा, हजर-गैरहजर नाही, वेळ. घंटेच्या आधी येते की प्रार्थना झाल्यावर. बौद्धवाडीकडून शाळेकडे यायच्या वाटेवर साकव कुठे आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हाला असेल.

सभेची तारीख ठरली की कळवा, ठरावाचा मसुदा मी लिहून पाठवतो.